एका दिवसात क्योटो उरका

क्योटो इसवी सन ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानची राजधानी होती. हजार वर्षांहून जास्त काळ तिथं सम्राट नांदले, देवळं बांधली गेली, जळली, पुन्हा बांधली गेली. बागांमधले दगड कुठं ठेवायचे यावर शहाण्या माणसांनी आयुष्यं घालवली. तुमच्याकडे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात इतका वेळ आहे. घाबरू नका. दिमतीला गाडी आणि चालक असला की हजार वर्षं दहा तासांत आरामात मावतात, शिवाय मधे जेवायला तासभर उरतो. शहरातली आणि आसपासची मिळून सतरा ठिकाणं १९९४ साली युनेस्कोच्या यादीत गेली. त्यांतली काही शेजारच्या उजी आणि ओत्सु गावांत आहेत, तेवढीच काय ती सूट.

खालील पायऱ्या क्रमानं पाळा. एखादी गाळलीत तर क्योटो दिसण्याचा धोका संभवतो.

१. आधी गुडघे शोधा.

मराठी माणूस स्वतःच्या चैनीसाठी गाडी करत नाही, कोणाच्या तरी गुडघ्यांसाठी करतो. तेव्हा बुकिंगच्या आधी कुटुंबातले पासष्टीपुढचे दोन गुडघे निश्चित करा. आईचे उत्तम. सासूबाईंचेही चालतात, पण मग ते दुखतात ही घोषणा बायकोनं करायला हवी. गुडघ्यांच्या मालकाला विचारायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. विचारलंत तर रोज पर्वती चढून येणारे बाबा म्हणतील, "अरे, चालू की आम्ही, त्यात काय!" आणि तुमचं सगळं समर्थन कोसळेल. त्यांना फक्त कळवायचं : "तुम्हाला त्रास नको म्हणून गाडी सांगितलीय."

भाडं येनमध्ये असतं. येनचे आकडे छातीत धस्स होईल इतके मोठे दिसतात. रुपयांत केले की ते लहान होतात, पण पुरेसे लहान होत नाहीत. अशा वेळी रकमेला माणसांनी भागा. तरीही झोप लागली नाही तर लहान मुलांनाही माणसांत धरा.

२. गाडी मोठी घ्या.

टोयोटाची अल्फार्ड घ्या. मधल्या रांगेत दोन ऐसपैस खुर्च्या असतात, पाय वर घ्यायची सोय असते. ज्यांच्या गुडघ्यांसाठी गाडी केली त्यांना मागच्या रांगेत, बॅगांशेजारी बसवा. "तुम्हाला मागे नीट टेकून बसता येईल" असं म्हणायचं. बाबांना मात्र पुढे, चालकाच्या डावीकडे बसवलेलं बरं. जपानमध्येही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं धावतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे आयुष्यभर कमावलेल्या सूचना बाबांना काहीही बदल न करता देता येतात.

पाटीचा रंग बघून घ्या. जपानमध्ये परवान्यानं प्रवासी नेणाऱ्या गाडीची नंबरप्लेट हिरवी असते, खाजगी गाडीची पांढरी. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते आणि बेकायदा असते. ती केलीतच, तर अपघात झाल्यास विम्याचं काय, असले प्रश्न विचारून सहलीचा मूड घालवू नका.

दाराला हात लावायचा नाही. ते चालक आपल्या जागेवरून बटणानं उघडतो आणि बंद करतो. आपल्याकडे आपटल्याशिवाय दार लागलं असं कोणालाच वाटत नाही, त्यामुळे पहिल्या चार थांब्यांवर तुम्ही ते ओढाल, ते उलटं ओढेल, आणि चालक आरशातून काहीही न बोलता बघेल. पाचव्या थांब्यापर्यंत दोघांपैकी एकाला सवय होते. बहुधा त्याला.

३. चालकाला कामाला लावा, पण जेवला का ते विचारा.

तो काळ्या सुटात, पांढऱ्या हातमोज्यांत, ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हॉटेलच्या दाराशी उभा असेल. तुम्ही ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं नंतर खाली या. तो कमरेत वाकून नमस्कार करेल. जपानमध्ये टॅक्सी चालवणारे पुष्कळ जण साठीच्या घरातले असतात, तेव्हा तो बाबांच्याच वयाचा निघण्याची दाट शक्यता आहे. तो तुमची तेवीस किलोची बॅग उचलत असताना बाबांच्या गुडघ्यांकडे बघू नका. स्वतःच्या हातांकडे तर मुळीच बघू नका.

त्याला "काका" म्हणा. त्याला अर्थ कळत नाही, पण आपल्याला बरं वाटतं.

आदल्या दिवशी तो एक सूचना पाठवतो : सकाळी लवकर निघू या, कियोमिझु देऊळ सहाला उघडतं, तेव्हा गर्दी नसते. त्याच्या अज्ञानावर रागावू नका. हॉटेलचा नाश्ता सातला सुरू होतो आणि तो भाड्यात धरलेला आहे, हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं. सहा वाजताचा कियोमिझु आणि फुकटचं ऑम्लेट यांत कोणीही समजूतदार कुटुंबप्रमुख काय निवडेल?

दुपारी त्याला जेवायला आत बोलवा. तो नाही म्हणेल. पुन्हा बोलवा. तो दोन पावलं मागे सरून वाकेल. आई मग डब्यातली भाकरवडी पुढे करेल. ती तो दोन्ही हातांनी घेईल, कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवेल, आणि ती त्यानं खाल्ली का ही चिंता आईला थेट मुंबई विमानतळापर्यंत पुरेल. बक्षिशी देऊ नका, तिथं ती पद्धत नाही. सीटवर ठेवून पळालात तर काहीतरी विसरलात असं समजून तो ती घेऊन तुमच्या मागं धावेल. साठीचा माणूस आहे, उगाच पळवू नका.

४. यादी करताना नकाशा बघू नका.

नकाशा बघितला की मोह होतो. फुशिमी इनारी शहराच्या दक्षिणेला आहे, आराशियामा पार पश्चिमेला, सोन्याचं देऊळ वायव्येला, कियोमिझु पूर्वेला. हे कळलं की माणूस एखादा कोपरा धरून दिवसभर पायी हिंडायचा विचार करू लागतो, आणि मग गाडीचं काय करायचं? त्यापेक्षा ठिकाणं महत्त्वाच्या क्रमानं लावा. महत्त्व म्हणजे शेजारच्या कुलकर्ण्यांनी गेल्या वर्षी फोटो टाकले होते तो क्रम. या पद्धतीनं शहर चार वेळा आडवं आणि दोन वेळा उभं कापलं जातं. वातानुकूलित गाडीचे पैसे वसूल व्हायचे तर वातानुकूलित गाडीत बसायला हवं, हे साधं गणित आहे.

शेवटी "जमलं तर नारा" असं लिहा. तिथली हरणं मुलांना आवडतात. यादी वाचून चालक दातांतून श्वास आत ओढेल आणि मान किंचित तिरकी करेल. क्योटोच्या माणसाकडून याहून स्पष्ट नकार मिळत नसतो. तो होकार समजा.

५. फुशिमी इनारी : दोनशे पावलांत.

क्योटो स्टेशनवरून नाराकडे जाणाऱ्या लोकल गाडीनं दुसरं स्टेशन इनारी. पाच मिनिटांचा प्रवास. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच देवस्थानाची कमान. हे कुटुंबात कोणालाही कळू देऊ नका. तुम्ही गाडीनं जा, वाहनतळाच्या रांगेत उभे राहा, आणि रुळांवरून ती लोकल पुन्हा पुन्हा जाताना दिसली तर मुलांना दुसऱ्या खिडकीतून काहीतरी दाखवा.

आत हजारो लाल तोरी कमानी डोंगरभर एकीला एक लागून उभ्या आहेत. प्रत्येक कमान कोणी ना कोणी दान दिलेली. व्यापारी, दुकानं, कंपन्या. इनारी हा मुळात भाताचा देव, पुढे धंद्याचाही झाला. कमानींवर काळ्या अक्षरांत काहीतरी कोरलेलं असतं, ते चढताना दिसत नाही, वळून बघितलं की दिसतं. लोकांना तो मंत्र वाटतो आणि ते हात जोडतात. ते देणगीदाराचं नाव आणि तारीख असते. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर असतं तसंच, फक्त इथं पंखा फिरायचा थांबेपर्यंत वाट बघावी लागत नाही.

डोंगर २३३ मीटरचा. पूर्ण फेरीला दोनेक तास लागतात. पहिल्या टप्प्यात माणसावर माणूस असतो, अर्ध्या वाटेवरच्या चौकानंतर झाडांची सावली, शेवाळलेल्या लहान लहान घुमट्या आणि गळ्यात लाल फडकं बांधलेले दगडी कोल्हे एवढेच उरतात. तिथं कदापि जाऊ नका. तुमचा फोटो काढून द्यायला तिथं कोण भेटणार? गर्दीतच थांबा. मोकळी कमान मिळेपर्यंत सव्वाशे लोकांना हातानं बाजूला करा, फोटो काढा, उतरा.

६. कियोमिझु.

गाडी दारापर्यंत जात नाही. चालक खाली सोडतो आणि पुढचा चढ चालावा लागतो. हा या व्यवसायातला सर्वांत मोठा घोटाळा असून त्याबद्दल बुकिंगच्या वेळी कोणीही बोलत नाही. किंबहुना क्योटोतली बहुतेक ठिकाणं अशी आहेत की गाडी तुम्हाला नेमकं तिथं सोडते जिथून चालणं सुरू होतं. इथं आई-बाबा न सांगता झपाझप पुढे निघतील. त्यांना हाका मारत मारत, धापा टाकत, तुम्ही मागून या.

शेजारी सान्नेनझाका नावाची दगडी पायऱ्यांची सुंदर वाट आहे. तिथं जो पडतो तो तीन वर्षांत जातो, अशी जुनी समजूत. ज्यांच्या गुडघ्यांवर सहल उभी आहे त्यांना ही माहिती उतरून झाल्यावर द्या.

देवळाचा लाकडी सज्जा साधारण १३ मीटर उंच, आत्ताची बांधणी १६३३ ची. एकमेकांत अडकवलेल्या खांब-तुळयांवर, खिळा न ठोकता उभा केलेला. पूर्वी नवस म्हणून लोक यावरून उड्या मारत, त्यांतले पुष्कळसे वाचतही. पुढे सरकारनं त्यावर बंदी घातली. संध्याकाळी जादा तासांचं बिल हातात पडेल तेव्हा तुम्ही सज्ज्यापासून बरेच लांब असाल, याची काळजी वेळापत्रकानं आधीच घेतलेली आहे.

खाली ओतोवा नावाच्या पाण्याच्या तीन धारा आहेत. एक विद्येची, एक प्रेमाची, एक दीर्घायुष्याची मानतात. तिन्हींचं पाणी पिणारा हावरट ठरतो. बारावीतल्या मुलाला विद्येच्या धारेवर उभं करा आणि रांगेतले लोक कुरकुर करेपर्यंत हलू देऊ नका.

७. सोन्याचं देऊळ आणि पंधरा दगड.

किंकाकु-जी पाहायला अकरा मिनिटं पुरतात. फाटकातून आत गेलं की लगेच तळं आणि तळ्यापलीकडे सोन्याचा मुलामा चढवलेली ती तीन मजली इमारत. आत जाता येत नाही, वाट एकेरी आहे, मागे फिरता येत नाही. आमच्या मते जगातलं हे एकमेव प्राचीन स्थळ खास तुमच्यासाठी आखलेलं आहे. प्राचीन म्हणजे, जागा चौदाव्या शतकातली. इमारत १९५० साली एका तरुण शिकाऊ भिक्षूनं पेटवून दिली, आत्ताची १९५५ ची आहे. बाबा तिच्याहून थोरले असू शकतात. त्यांना तसं सांगू नका, ते वळून तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतील आणि तीन मिनिटं जातील.

तिथून र्योआन-जी पायी वीस मिनिटांवर. तुम्ही गाडीनं जा, म्हणजे गर्दीच्या दिवसांत तेवढीच वीस मिनिटं बसून घालवता येतात. पांढऱ्या खडीच्या अंगणात पंधरा दगड मांडलेत, आणि ओसरीवर कुठंही बसलात तरी निदान एक दगड दुसऱ्याआड लपतो. लोक तासन् तास बसून त्याचा विचार करतात. तुम्ही मोजा, चौदा भरले की उठा. पंधरावा दिसणार नाही असं देवळानंच सांगितलंय, मग थांबायचं कशासाठी? इथं बूट काढावे लागतात, म्हणून नाडीचे बूट घालून येणाऱ्या मेव्हण्याला आदल्या रात्रीच समज द्या.

८. सांजूसांगेन-दो गाळा.

आत फोटो काढायला बंदी आहे. विषय संपला. १२० मीटर लांबीच्या त्या अंधाऱ्या दालनात करुणेची देवता कान्नोन हिच्या एक हजार एक मूर्ती ओळीनं मांडलेल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देव. त्यांत आपला इंद्र आहे, ब्रह्मा आहे, चोचीला बासरी लावलेला गरुड आहे. भारतातून चीनमार्गे चालत चालत तिथवर पोचलेली ही मंडळी. सबंध क्योटोत तुमच्या आईला कोणाच्याही मदतीशिवाय ज्यांची ओळख पटेल अशी हीच काय ती जागा. पण फोटो नाही म्हणजे नाही. गाडीतून बाहेरची भिंत दाखवा.

९. जेवण.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट माहीत हवी : जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसापासून करतात. भाजीत, सुपात, सॉसमध्ये, सगळीकडे. उपाय क्योटोतच आहे. झेन मठांतलं शोजिन र्योरी हे संपूर्ण शाकाहारी जेवण, किंवा नान्झेन-जीच्या परिसरातलं युदोफू, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पाण्यात मंद शिजवलेलं टोफू. त्याच्या बरोबरचा सॉस मात्र विचारून घ्यावा.

विचारायचं कसं? परदेशात पाऊल पडताक्षणी मराठी माणूस समोरच्याशी आपोआप हिंदीत बोलू लागतो. "इसमें मच्छी है क्या?" असं मावशी त्या किमोनोतल्या वाढणाऱ्या बाईंना मोठ्यानं, सावकाश विचारतील. बाई हसून वाकतील. हा झाला अर्धा तास. त्यानंतर सगळेजण जवळच्या भारतीय हॉटेलात पनीर बटर मसाला खायला जा आणि नान पुण्यापेक्षा महाग असल्याचं एकमेकांना सांगा.

१०. कोंडीचं नियोजन.

गाडीत जास्तीत जास्त वेळ मिळावा अशी इच्छा असेल तर एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे साकुराचा, किंवा नोव्हेंबरचा उत्तरार्ध, म्हणजे लाल मेपलचा, यांपैकी एक निवडा. या दिवसांत पूर्वेकडचा हिगाशिओजी रस्ता अशा काही निवांतपणे पुढे सरकतो की पदपथावरची शाळकरी मुलं तुम्हाला मागे टाकून जातात, परत येतात, पुन्हा जातात.

तुमच्या गाडीमागे एक हिरवी सिटी बस उभी असेल. २३० येनचं तिकीट. आत दाटीवाटीनं उभे असलेले प्रवासी, त्यांत भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी. पर्यटकांमुळे आम्हाला बसमध्ये चढता येत नाही अशी क्योटोकरांची तक्रार आहे, हे तुम्ही कुठंतरी वाचलेलं असेलच. तेव्हा मागे वळून त्या आजींकडे समाधानानं बघा. तुम्ही त्यांच्या बसमध्ये चढला नाहीत. फक्त तिच्यासमोर सोळा फुटांची गाडी आणून उभी केलीत.

११. गियोन.

काच खाली करून हळूहळू जा. माइको, म्हणजे गेइको, म्हणजेच गेइशा, होण्याचं शिक्षण घेणारी मुलगी, दिसली की चालकाला "स्टॉप, स्टॉप" म्हणा. तो थांबणार नाही. त्या मुली कामाला निघालेल्या असतात आणि लोक त्यांच्या बाह्या ओढून फोटो काढायला लागल्यामुळे २०२४ पासून तिथल्या खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आली. आत शिरल्यास दहा हजार येन दंड, अशी पाटीच आहे. पाटीचा फोटो काढायला हरकत नाही.

तरी धीर सोडू नका. किमोनो घातलेल्या मुली रस्त्यात शेकड्यांनी दिसतील, थांबून हसतील, दोन बोटं वर करून फोटोही देतील. त्या भाड्याचा किमोनो घेतलेल्या पर्यटक आहेत. व्हॉट्सॲपवर गेल्यावर फरक कळत नाही.

१२. पाच ते सात.

बहुतेक देवळं पाचच्या सुमारास बंद होतात. गाडी मात्र सातपर्यंत आपली आहे, पैसे भरलेत. हे दोन तास सबंध दिवसातले सर्वांत धोक्याचे. ऊन उतरलेलं असतं, पर्यटकांच्या बस निघून गेलेल्या असतात, आणि गाडीतलं कोणीतरी, बहुधा आई, म्हणते, "इथंच उतरू या का? जरा नदीकाठानं चालू." सगळे एकदम गप्प होतात आणि तुमच्याकडे बघतात. डळमळू नका. औषधांच्या मोठ्या दुकानात न्यायला सांगा, तिथं गुडघ्यांना लावायचे पट्टे आणि माचाचे किटकॅट एकाच छताखाली, करमुक्त मिळतात. आईनं पुन्हा विचारलंच तर शांतपणे सांगा, की कामो नदीच्या काठानं गाडी जात नाही. म्हणजे तिथं बघण्यासारखं काही नसणारच.